सत्तावन्न नंबरची यारी

वाशीमच्या स्टेशन रस्त्यावर उत्तमरावांचा लोखंडकामाचा कारखाना होता. पत्र्याची एक लांब शेड, तेलावर चालणारं इंजिन, एक लेथ, दोन भट्ट्या आणि सात माणसं. तिथे एकसारख्या दोन वस्तू कधी बनत नसत. कुणाला अमुक हात रुंदीची गुळाची कढई हवी असे, कुणाच्या कापसाच्या जिनातल्या यंत्राचं चाक निखळलेलं असे, शिरपूरला यात्रेकरूंच्या उताऱ्यासाठी फाटक करायचं असे. गिऱ्हाईक हवेत हात फिरवून आकार दाखवी, उत्तमराव डोळे बारीक करून किंमत सांगत, आणि वर्षाअखेर इतकं काम करून पैसा गेला कुठे, असं स्वतःलाच विचारत.

ही गोष्ट १९५४ च्या चैत्रातली. त्याच्या दोन वर्षं आधी उत्तमरावांची थोरली बहीण कस्तुराबाई अकोल्याहून माहेरी आली होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. नवरा एका गिरणीच्या कोठारात कारकून होता. तिथे दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला एक नंबर आणि एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड असे. कामात लागलेला माल, माणसांनी दिलेले दिवस, आणि कोळसा, तेल, भाडं यांतला त्या कामाच्या वाट्याला येणारा वरखर्च, सगळं त्या एका कार्डावर. तो संध्याकाळी कार्डं घरी आणी आणि सातवी पास झालेली कस्तुराबाई बेरजा तपासून देई. वाशीमला आल्यावर तिने भावाच्या कारखान्यात तीच पद्धत सुरू केली. पहिल्या सहा महिन्यांतच उत्तमरावांना कळलं, की कढयांवर आपल्याला दर खेपेला तोटा होतो आणि फाटकांवर तो भरून निघतो. तेव्हापासून ते बहिणीच्या कार्डांना मानू लागले. निदान नफा दाखवणाऱ्या कार्डांना.

तिचा एक नियम होता. कार्ड पुरं झाल्याशिवाय वस्तू शेडबाहेर जायची नाही. त्या आठवड्यात तो मोडला होता, आणि तिच्यामुळेच. गुरुवारपासून रविवारपर्यंत ती नणंदेच्या मुलीच्या लग्नाला रिठदला गेली होती. शुक्रवारी सत्तावन्न नंबरचं काम बैलगाडीवर चढून निघून गेलं.

सत्तावन्न नंबर म्हणजे किन्हीराजाजवळच्या तांड्याची यारी. तांड्याचे लोक दोन वर्षांपासून स्वतःच्या हातांनी विहीर खोदत होते. पस्तीस हातांवर काळा खडक लागला आणि शिडीवरून डोक्यावर मलबा आणणं अशक्य झालं. म्हणून तांड्याचा नाईक दौलतसिंग वाशीमला आला आणि मलबा वर ओढायला, माणसं खाली सोडायला हाताने फिरवायची यारी सांगून गेला. तीन पायांची दोन लोखंडी तिकाटणी, त्यांच्यामध्ये आडवा दांडा, दांड्यावर दोर गुंडाळायचा ढोल आणि दोन टोकांना दोन हँडल; दोराच्या टोकाला मलब्याचा डोल टांगायचा. किंमत ठरली तीनशे चाळीस रुपये. तांड्याने घरटी वर्गणी काढून ती पुरी भरली होती. नाईक आगाऊ रक्कम द्यायला आला तेव्हा कस्तुराबाईनेच त्याला पाणी दिलं होतं. पुढच्या सोमवारी पूजा करायची आणि मग देवला आणि हेमला यांना खाली उतरवायचं, असं तो सांगत होता. ते दोघे त्याच्या तांड्यातले सुरुंग भरण्यात हुशार भाऊ.

सोमवारी सकाळी आठला ती कार्ड पुरं करायला बसली. माल, मजुरी, वरखर्च, तिन्ही बेरजा झाल्या आणि नफा निघाला अठ्ठावन्न रुपये. अंदाज होता चौतीसचा. शेजारी उभ्या असलेल्या उत्तमरावांनी तो आकडा वाचला आणि खूश होऊन म्हणाले, की चंपतने या खेपेला काटकसरीनं काम केलेलं दिसतं.

कस्तुराबाईने बेरीज पुन्हा केली. ती चुकलेली नव्हती. मग तिने मालाच्या ओळी एकेक करून बोटाने खाली सरकत वाचल्या. पट्ट्या होत्या, कोनी लोखंड होतं, ढोलाचा पत्रा होता, नट-बोल्ट होते. दोन इंची पोलादी सळई नव्हती. साडेचार फूट, तेवीस शेर वजनाची, खास या कामासाठी अकोल्याहून रेल्वेने मागवलेली सळई, चोवीस रुपयांची. नेमका तेवढाच नफा जास्त होता.

तिने कोठाराचं बाड काढलं. सळई एक आली होती आणि एक गेली होती. गेली होती अठ्ठावन्न नंबरच्या कामाला. अठ्ठावन्न नंबर म्हणजे गावातल्या एका जिनाचा दांडा. त्यांचं यंत्र बुधवारी बंद पडलं होतं आणि जिनवाल्याने दुप्पट पैसे कबूल करून दोन दिवसांत नवा दांडा करून नेला होता.

मग यारीत दांडा कशाचा होता?

ती उठून शेडमध्ये गेली. चंपत लेथवर होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आख्ख्या वाशीमात त्याच्यासारखा हात नाही असं लोक म्हणत तो. तिने इंजिन बंद करायला लावलं. पट्टा फडफडत थांबला.

"चंपत, यारीचा दांडा कायचा केला?"

"लोखंडाचा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"कोनत्या लोखंडाचा? कार्डावर त्याची ओळच नाही."

चंपतने फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग त्याने सगळं सांगितलं. जिनाचं काम आलं तेव्हा उत्तमरावांनी यारीची सळई त्याला वापरायला सांगितली. यारीचं काय, असं त्याने विचारलं तर मालक म्हणाले, बघ काहीतरी, शुक्रवारी गाडी येणार आहे. जिनाचा जुना दांडा भंगारात येऊन पडला होता. एका टोकाला चीर होती, तो भाग त्याने कापून टाकला. उरलेला लेथवर चढवून साफ केला आणि यारीत बसवला. भंगाराला किंमत नसते, म्हणून कोठारात त्याची चिठ्ठी झाली नाही. चिठ्ठी नाही, म्हणून कार्डावर ओळ नाही.

एव्हाना उत्तमरावही शेडमध्ये आले होते. ते म्हणाले, की त्यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. जो दांडा वीस वर्षं जिन ओढत होता, त्याला चार मण दगडाचं काय ओझं? चीर गेली तो भाग तर कापलाच आहे.

चंपत म्हणाला, "मालक, दुसऱ्या टोकाले बी एक रेघ होती. केसावानी. मी अजून एक कट घेतला, मंग दिसली नाही."

"दिसली नाही म्हंजे गेली काय?" कस्तुराबाईने विचारलं.

चंपतने फडकं पुन्हा हातात घेतलं. तिला तेवढंच पुरेसं होतं. वीस वर्षं फिरलेल्या दांड्याला दोन जागी चिरा पडल्या असतील, तर त्याच्या पोटात काय असेल हे त्यालाही ठाऊक होतं. शुक्रवारपासून तो नीट जेवला नव्हता, हे त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

उत्तमरावांनी दोघांनाही कचेरीत नेलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की उद्या माणूस पाठवू, आठ दिवसांत अकोल्याहून सळई मागवू, काहीतरी निमित्त सांगून दांडा बदलून देऊ. पण आज धावत जाऊन भंगार घातलं म्हणून सांगितलं, तर वाशीमात पुन्हा कोण काम देईल? सात घरं या शेडवर जेवतात.

"आज सोमवार हाय, उत्तम," कस्तुराबाई म्हणाली. "नाईक आज मानसं उतरवून राह्यला."

"तू हे कार्ड नफा-तोट्यासाठी सुरू केलं होतं, बाई. गावात दवंडी द्यायले नाही."

"जे कार्डावर नाही ते यारीत बी नाही. तुले त्याच्यात चोवीस रुपये दिसून राह्यले. मले खाली उतरलेले दोघं दिसून राह्यले."

ती कार्ड पिशवीत घालून निघाली. उत्तमराव दारात आडवे झाले नाहीत, पण सोबतही आले नाहीत. ती रस्त्यावर पोचली तेव्हा मागून चंपत आला. खांद्यावर घण होता आणि हातात पान्यांची पिशवी.

अकोल्याकडे जाणारी मोटार सव्वानऊला सुटली आणि साडेदहाच्या सुमाराला त्यांनी वाटेतलं मालेगाव गाठलं. तिथून पूर्वेला जाणारी मोटार तीन वाजेपर्यंत नव्हती. कस्तुराबाई नाक्यावर उन्हात उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती पदर सावरत हात करी आणि चंपत तिच्यामागे खाली मान घालून उभा असे. तासाभराने सरकीची पोती घेऊन कारंज्याला निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने आधी विधवेला आणि घण घेतलेल्या माणसाला नीट न्याहाळलं. विहिरीत माणसं आहेत, एवढंच तिने सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. तिला आत बसवलं, चंपत पोत्यांवर चढला.

वाटेत एका नाल्याच्या उतारावर चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर आणि चंपत चाक बदलत होते तेव्हा कस्तुराबाई रस्त्याच्या कडेला बसून हिशेब करत होती. पूजा दहाला झाली असेल. नैवेद्य, जेवण, म्हणजे बारा. मग ती स्वतःलाच म्हणाली, की पूजा उन्हं चढायच्या आधीच करून टाकली असेल तर? शुक्रवारी आपण रिठदला नसतो तर? लग्नात तिने काही केलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यात पान खात बसली होती. चाक बदलून होईपर्यंत तो विचार तिच्या डोक्यातून हलला नाही.

किन्हीराजाला ते एकच्या पुढे उतरले. तिथून तांडा कोसभर. चंपत घण खांद्यावर टाकून पुढे आणि ती मागे, अशी दोघं जवळजवळ पळतच निघाली. टेकाड ओलांडल्यावर खाली झोपड्या दिसल्या, झोपड्यांच्या अलीकडे मलब्याचा ढीग आणि ढिगाशेजारी यारी. तिच्या दोन तिकाटण्यांना पूजेची पानं बांधलेली होती. दोन माणसं दोन हँडलं फिरवत होती. दोर ताठ होता.

कस्तुराबाई ओरडणार, तोच चंपतने तिचा हात धरला. दोन वर्षांत त्याने तिच्याशी मान वर करूनही बोलणं केलं नव्हतं.

"बाई, वरडू नोका. हँडल सुटलं तर डोल खाली जाईन. खाली मानसं हायेत."

मग तोच हळूहळू चालत, जणू सहज आला आहे असा, यारीपर्यंत गेला. फिरवणाऱ्या दोघांना त्याने राम राम केला, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्याचे डोळे दांड्याच्या डाव्या टोकावर होते. तिथे तेलाचा एक काळा ओघळ आला होता आणि प्रत्येक फेऱ्याला तो एका जागी किंचित चमके. त्याने एका माणसाच्या हातावर हात ठेवला आणि हळू, अजून हळू, असं म्हणत त्याच्यासोबत हँडल फिरवलं. दगडांनी भरलेला डोल काठावर आला. दुसऱ्या माणसाने तो आत ओढून घेतला. दोर ढिला पडला.

चंपत तिथेच खाली बसला.

दौलतसिंग नाईक पळसाच्या सावलीत बसला होता. सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, आवाज कधी न चढवणारा माणूस. कस्तुराबाईने त्याला जाऊन सांगितलं, की यारी थांबवा, तिच्यात चुकीचा दांडा बसवला आहे. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि मग विचारलं, की कारखान्याला आता अजून पैसे पाहिजेत काय? तीनशे चाळीस ठरले होते, तीनशे चाळीस दिले. सकाळपासून तीस डोल वर आले. यारी चांगली आहे.

तिने कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं.

"मले वाचता येत नाही, बाई," तो म्हणाला.

"वाचू नोका. मी काय सांगतो ते ऐका." आणि ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सांगत गेली. हे कोनी लोखंड, तिकाटण्यांचं. हा पत्रा, ढोलाचा. हे बोल्ट. यारीत जे जे आहे, ते ते इथे आहे, त्याची किंमत तुमच्या पैशातून घेतली आहे. आता दांडा कुठे आहे ते मला विचारा. "दांडा ह्याच्यात नाही, नाईक. तुमचा दांडा दुसऱ्याले देल्ला. तुमाले भंगारातला बसवून देल्ला. त्याले चीर हाय."

आजूबाजूला माणसं जमली होती. त्यांत एक बाई पुढे आली. हेमलाची बायको, धुरपताबाई. तिने नाईकाकडे न बघता सरळ कस्तुराबाईला विचारलं, "तुमचाच कारखाना ना? मंग तुमीच काहून सांगून राह्यल्या?"

"कारण खाली दोघं हायेत."

धुरपताबाईने एकदा तिच्याकडे आणि एकदा विहिरीकडे बघितलं. मग ती वळली आणि झोपड्यांकडे जाऊन दोर गोळा करायला लागली. बैलांचे कासरे, गाडीचे सोल, मोटेचा एक जुना नाडा, जे मिळेल ते. नाईक अजून काही ठरवत होता. त्याचं म्हणणं होतं, की दोनच तर माणसं वर काढायची आहेत, तेवढी यारीनेच काढू, मग बघू. माणसाचं वजन दगडापेक्षा कमीच असतं. काही जणांना ते पटलंही. कस्तुराबाई यारीच्या हँडलाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि म्हणाली, की आधी मला बाजूला करा. परक्या गावच्या विधवा बाईला हात कोण लावणार? कुणी पुढे आलं नाही.

शिडी यारी बसल्यावर काढून टाकलेली होती आणि यारीचा दोर विहिरीपुरताच होता, वीस जणांना धरून ओढायला पुरणारा नव्हता. मोटेचा नाडा पुरेसा लांब होता, पण मध्ये दोन जागी झिजलेला. चंपतने त्याच्याशेजारी सोल गुंफले. काठावर दगडाची धार होती, तिथे गोधड्या घातल्या. वीस माणसं दोराला लागली, बायकाही. खाली आवाज दिला, की डोल येणार नाही, दोर येतो आहे, काखेतून बांधा. खालून देवलाने ओरडून कारण विचारलं. नाईकाने एवढंच सांगितलं, की मी सांगतो म्हणून.

आधी हेमला आला. वीस जणांनी पाऊल पाऊल मागे सरकत त्याला ओढलं. तो भिंतीला पाय देत येत होता. पस्तीस हात. काठावर आल्यावर धुरपताबाईने त्याच्या कंबरेला धरून बाहेर खेचलं आणि दोर सोडून पुन्हा खाली फेकला.

देवला अंगाने भारी होता. तो अर्ध्यावर आला आणि गोधडी घसरली. दोर दगडाच्या धारेवर आला. झिजलेल्या जागी एक पदर तुटला, मग दुसरा. दोराला लागलेल्या माणसांना ते दिसत नव्हतं. फक्त काठावर पालथ्या पडलेल्या चंपतला दिसत होतं. तो ओरडला नाही. त्याने हात धारेवर घातला आणि दोर आपल्या मनगटावर घेतला. दोर त्याच्या हातावरून घासत वर सरकत राहिला. देवलाचं डोकं वर दिसलं तेव्हा चंपतच्या मनगटाची कातडी सोलून निघाली होती.

दोघं वर आले आणि मग सगळा तांडा कस्तुराबाईभोवती उभा राहिला. आता ऐकायची पाळी तिची होती. नाईक म्हणाला, की चीर आहे ती दाखव. चंपतने दांड्याच्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे तेलाशिवाय काही दिसत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, तोलून बघा. डोलात नेहमीपेक्षा दुप्पट दगड भरले, रिकाम्या विहिरीत सोडला आणि वर ओढला. दांडा टिकला. पुन्हा भरला, पुन्हा ओढला. पुन्हा टिकला. लोक हसायला लागले. हेमला म्हणाला, की ह्या बाईपायी एक अख्खा दिवस गेला आणि माझा भाऊ मरता मरता वाचला, आणि जीवावर बेतलं ते यारीमुळे नाही, दोरामुळे.

ते खरं होतं. एक क्षण कस्तुराबाईला वाटलं, की दांडा चांगला असेल. आपण कार्डावरच्या एका रिकाम्या जागेवर विश्वास ठेवून दोन माणसांना कुजक्या दोरावर लटकवलं.

चंपत उठला. त्याने फडकं मनगटाला गुंडाळलं, पाना घेतला आणि यारीचे बोल्ट काढायला लागला. कुणी त्याला थांबवलं नाही. दांडा सुटा करून त्याने तो दोन दगडांवर आडवा ठेवला, डावं टोक मोकळं. घण उचलला. पहिला घाव बसला आणि खणकन आवाज आला. दुसराही तसाच. तिसऱ्याला आवाज वेगळा आला, फुटक्या मडक्यासारखा, आणि वीतभर तुकडा तुटून धुळीत पडला.

चंपतने तो उचलून नाईकाच्या हातात दिला. तुटलेल्या जागी रुपयाएवढी एक कड चांदीसारखी चमकत होती. बाकी सगळा भाग काळा होता, तेल मुरलेला, गंजलेला, वर्षानुवर्षं तुटत आलेला. यारी त्या चमकणाऱ्या कडेवर तोललेली होती.

नाईकाने तुकडा देवलाला दिला. देवलाने हेमलाला. तो हातोहात फिरला.

"हे कोनं केलं?" नाईकाने शेवटी विचारलं.

"मी," चंपत म्हणाला.

"कारखान्यानं केलं," कस्तुराबाई म्हणाली. "मी बी कारखान्यातलीच हाय. मी घरी असती तं यारी बाहीर पडली नसती."

नाईकाने त्यांना शिवी दिली नाही आणि आभारही मानले नाहीत. धुरपताबाईने चंपतच्या हाताला हळद लावून दिली. त्या रात्री त्यांना एका ओसरीत जागा मिळाली, भाकरीही मिळाली, पण त्यांच्याशी कुणी बोललं नाही. सकाळी निघताना नाईकाने अट सांगितली. नवा दांडा घेऊन मालकानं स्वतः यावं, आणि यारी बसली की आधी मालकानं खाली उतरावं.

वाशीमला परतल्यावर कस्तुराबाईने तुटका तुकडा भावाच्या टेबलावर ठेवला आणि अट सांगितली. उत्तमरावांनी तुकडा बराच वेळ उलटसुलट केला. मग अकोल्याला सळईची तार केली. सळई आली, चंपतने दुखऱ्या हाताने दांडा घडवला. त्याचा सगळा खर्च, दोन खेपांचं भाडं, चंपतचे बसून गेलेले दिवस, हे कुठे लिहायचं यावर बहीणभावांचं एकदा वाजलं. उत्तमराव म्हणाले, सामान्य खर्चात टाक, सगळ्या कामांवर थोडा थोडा वाटला जाईल, कुणाला जाणवणार नाही. ती म्हणाली, की दुसऱ्या गिऱ्हाइकांनी याचे पैसे का द्यायचे? तिने सगळं सत्तावन्न नंबरवर लिहिलं. एकोणतीस रुपये तोटा निघाला. ते आठ दिवस उत्तमराव तिच्याशी मोजकंच बोलले.

नवव्या दिवशी तिघंही तांड्यावर गेले. चंपतने दांडा चढवला, बोल्ट आवळले, दगडांचा डोल तीनदा वरखाली केला. मग दौलतसिंगाने उत्तमरावांकडे बघितलं आणि डोलाकडे हात केला.

उत्तमरावांनी टोपी काढून बहिणीकडे दिली. त्यांना विहिरीची भीती होती, लहानपणापासूनची, आणि हे तिथे फक्त तिला माहीत होतं. ते डोलात बसले. दोराला दोन्ही हातांनी मिठी मारली. हँडलावर देवला आणि हेमला होते. हेमलाने फिरवायच्या आधी एकदा मालकाकडे बघितलं, मग आपल्या बायकोकडे. धुरपताबाईने मान हलवली आणि दोर सुटू लागला.

कस्तुराबाई काठावर उभी राहून ढोलाचे फेरे मोजत होती. खालून काही ऐकू येत नव्हतं. डोल तळाला टेकला, दोर ढिला पडला. नाईकाने लगेच वर ओढायला सांगितलं नाही. त्याने चिलीम भरली. पेटवली. दोन-तीन झुरके मारले. वरच्या कुणालाच त्याला घाई करायची हिंमत झाली नाही. मग त्याने हात वर केला.

उत्तमराव वर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. देवलाने हात देऊन त्यांना बाहेर काढलं. ते मलब्याच्या ढिगावर बसले. धुरपताबाईने दिलेलं पाणी प्यायले. जरा वेळाने त्यांनी चंपतला जवळ बोलावलं.

"सगळे बोल्ट अजून एकदा आवळ," ते म्हणाले. "मी पाह्यतो."

चंपतने पाना उचलला. उत्तमराव उठून त्याच्याजवळ गेले आणि प्रत्येक बोल्टला स्वतः हात लावून बघत राहिले. सगळे तपासून झाले तेव्हा देवलाने सुरुंगाची पहार डोलात ठेवली आणि खाली उतरायला तो आत चढला.